मशीन भंगार झालेली नाहीत, निर्लेखन थांबवा

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबला सध्या कुलूप आहे. आत ११ मशीन आहेत. दोन बंद, नऊ व्यवस्थित सुरू होतात. तरीही सगळी ११ च्या ११ डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी करून भंगारात द्यायची, असा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे येतोय. कारण काय, तर 'विंडोज १० बंद झालं आणि ही मशीन विंडोज ११ घेत नाहीत.' हे कारण शाळेनं शोधलेलं नाही. ज्या सप्लायरनं नव्या मशीनचं कोटेशन दिलंय, त्यानंच हेही लेखी दिलंय. म्हणजे पेशंट गेल्याचं सर्टिफिकेट त्याचंच आणि तिरडीचं दुकानही त्याचंच.

शाळेचं नाव लिहीत नाही. मुख्याध्यापक सज्जन आहेत आणि हा प्रकार फक्त त्यांच्याकडे चाललाय असंही नाही. पतसंस्था, वाचनालयं, छोट्या ग्रामपंचायती, सगळीकडे हेच वाक्य फिरतंय. फरक इतकाच की शाळेत याचे पैसे लोकवर्गणीतून गोळा होणार आहेत. वर्गणी देणारे कोण? निम्मे पालक रोजंदारीवर जाणारे. कारखाना सुरू झाला की कोयता घेऊन बाहेर पडणारे. त्यांच्या खिशात हात घालण्याआधी एकदा तरी विचारायला नको का, की बाबांनो, जुन्यात नक्की काय बिघडलंय?

तर आधी ते बघू.

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. सपोर्ट थांबला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. १५ ऑक्टोबरला सकाळी ती नेहमीसारखीच सुरू झाली. थांबले ते सुरक्षेचे फुकट अपडेट. नवी भोकं सापडत राहणार आणि ती बुजवायला कुणी येणार नाही, हा खरा धोका आहे आणि तो मी कमी लेखत नाही. इंटरनेट जोडलेल्या मशीनवर अपडेट नसणं वाईटच. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय कंपनीनं ठेवली आहे. संस्थांना दरवर्षी वाढत जाणारे पैसे भरून तीन वर्षं अपडेट घेता येतात आणि शिक्षण संस्थांसाठी तो दर अगदीच किरकोळ आहे. पहिल्या वर्षाला मशीनमागे एक डॉलर. ही गोष्ट कोटेशनवाल्यानं समितीला सांगितली का? कोटेशनमध्ये तरी ती नाही.

विंडोज ११ का चालत नाही? तर कंपनीनं यादी लावली. इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर हवा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी. ढोबळमानानं २०१८ च्या आधीचं मशीन असेल तर रांगेतून बाहेर. कॅनॅलिस या बाजार-अभ्यास संस्थेनं २०२३ च्या शेवटी अंदाज दिला होता की या निर्णयापायी जगभरातले २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात. चोवीस कोटी! त्यातली आपली ११ म्हणजे दर्यामे खसखस, पण वर्गणी आपली आहे.

मशीनचं हृदय, फुप्फुस, हातपाय सगळं शाबूत. फक्त अंगावर घालायचा कोट बदलला आणि नवा कोट बसत नाही. यावर उपाय म्हणून माणूस बदलायचा की कोट?

कोट बदलायचा म्हणजे लिनक्स टाकायचं. हे वाचल्यावर काही जण म्हणणार, 'भाऊ, ते आम्ही करून बघितलं. लय स्लो चालतं.' हो, बरोबर आहे तुमचं. आणि या मुद्द्यावर जरा थांबायला पाहिजे, कारण गावोगाव लिनक्सची बदनामी याच एका गोष्टीनं झाली आहे.

लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. खाली इंजिन एकच असतं, पण डोळ्यांना जे दिसतं, म्हणजे खिडक्या, मेनू, खालची पट्टी, फाइल उघडायचं कपाट, त्याला डेस्कटॉप म्हणतात आणि ते डेस्कटॉप अनेक आहेत. काही जड, काही हलके. लोक काय करतात, सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणून उबुंटू उतरवतात. त्यावर ग्नोम नावाचा डेस्कटॉप येतो. दिसायला झकास, पण त्याला किमान ४ जीबी रॅम पाहिजे आणि ४ जीबीवरही तो धापा टाकतो. आपल्या शाळेतल्या मशीनला रॅम २ किंवा ४ जीबी आणि हार्डडिस्क जुनी, फिरणारी. त्यावर ग्नोम टाकायचा म्हणजे लूनाला उसाची ट्रॉली जोडायची. मग लूना चढावर थांबली की लिनक्सला शिव्या.

याच मशीनवर एक्सएफसीई टाकून बघा. १९९६ पासून चालत आलेला डेस्कटॉप आहे. दिसायला साधा. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, पाहिजे तो प्रोग्राम शोधा, उघडा, काम करा, बंद करा. पाच मिनिटं वापरला की विंडोज एक्सपी वापरलेल्या माणसाला माहेरी आल्यासारखं वाटतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मिळते. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर आरामात. सध्याच्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे आज जे पोरगं पाचवीत आहे, ते आठवी पास होईपर्यंत काळजी नाही. किंमत शून्य रुपये. एका पेन ड्राइव्हवरून ११ मशीनवर टाका, नाहीतर ११०० वर टाका, कुणी पावती मागायला येत नाही.

त्याहून अशक्त मशीन असेल तर लुबुंटू आहे, त्यावर एलएक्सक्यूटी नावाचा आणखी हलका डेस्कटॉप येतो. सुरू झाल्यावर साधारण अर्धा-पाऊण जीबी रॅममध्ये भागवतो. आणि अगदीच पुराणकाळातलं ३२ बिटचं मशीन असेल, तर अँटीएक्स. डेबियनसारख्या दणकट वितरणानंही २०२५ च्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या मशीनवर नव्यानं इन्स्टॉल करण्याची सोय काढून टाकली, पण अँटीएक्सवाल्यांनी ही म्हातारी सांभाळून ठेवली आहेत. ते दिसायला फार रुक्ष आहे, शाळेसाठी मी सुचवणार नाही. पण गोडाऊनमध्ये पडलेल्या मशीनवर कुणाला नुसतं टायपिंग करायचं असेल, तर चालतंय की.

डेस्कटॉप हलका केला आणि वरचे प्रोग्राम मात्र जडच ठेवले, तरी उपयोग नाही. चार ओळी लिहायला अख्खं ऑफिस उघडायची गरज नसते. साध्या मजकुराला माउसपॅड नावाची वही आहे, ती टिचकी मारताच उघडते. कोडिंग शिकवायचं तर जिनी आहे. पत्र, तक्ता, प्रेझेंटेशन करायचं असेल तेव्हा लिबर ऑफिस. ते थोडं जड आहे, पण चालतं. सगळ्यात खादाड प्राणी म्हणजे ब्राउझर. तिथं लिनक्स जादू करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजकालच्या वेबसाइटच इतक्या फुगल्या आहेत की २ जीबीच्या मशीनवर तीन-चार टॅबच्या वर गेलात की घसरण सुरू. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, टॅब कमी ठेवा. आणि शाळेला खर्च करायचाच असेल तर फिरणारी हार्डडिस्क काढून लहानशी एसएसडी टाका. नऊ मशीनच्या एसएसडीला जेवढे पैसे लागतील, तेवढ्यात नवी नऊ मशीन सोडा, दोन आली तरी मिळवली. जुन्या मशीनला त्या एका बदलानं जो दम येतो, तो बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही. म्हणूनच बघा म्हणतोय.

आता आक्षेप. सगळेच आक्षेप खोटे नाहीत.

'मराठीचं काय?' हा आक्षेप आमच्या धंद्यातून जास्त येतो आणि त्याचं मूळही आमच्या धंद्यातच आहे. मराठी छपाईनं वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती वगैरे जुन्या फॉन्टमध्ये काम केलं. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोपाळकाला दिसतो. पेजमेकरवर पानं लावणारी माणसं अजून आहेत, मी रोज त्यांच्या शेजारी बसतो. त्यांच्या मशीनला हात लावा असं मी म्हणत नाही. एक मशीन विंडोजवर ठेवा, इंटरनेट काढून टाका, जुन्या फाइली तिथं उघडा. पण शाळेचा आणि पेजमेकरचा काय संबंध? शाळेत लागतं युनिकोड, तेच जे तुम्ही आत्ता मोबाइलवर वाचताय. लिनक्सवर देवनागरीचे फॉन्ट फुकट, टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून बसवलेला. इंग्रजीत 'namaskar' च्या चालीवर टाइप करून 'नमस्कार' मिळवायचा असेल, तर तीही सोय पाच मिनिटांत होते. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्त फॉन्ट टाका, निमंत्रणपत्रिका छापता येतील इतका देखणा आहे.

'प्रिंटर चालत नाही.' काही चालतात, काही छळतात. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की चालू होतात. पण प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा एका दुसऱ्या कंपनीचा तो छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर घाम फोडतो. लॅबमध्ये प्रिंटर असतो किती? एक. तो ऑफिसातल्या मशीनला जोडा.

'टॅली चालणार नाही, डिजिटल सही चालणार नाही.' खरं आहे. टॅली विंडोजसाठीच बनतं आणि सहीच्या टोकनचं सरकारी पोर्टलांशी लिनक्सवरून जमवणं म्हणजे डोकेदुखी. पतसंस्थेचा अकाउंटंट आणि ग्रामपंचायतीचा ऑपरेटर यांच्या मशीनवर विंडोज राहू द्या. त्याचं रीतसर लायसन्स घ्या. पण एका मशीनवर टॅली लागतं म्हणून दहा मशीन भंगारात काढायची, हे कुठलं गणित? शाळेची यू-डायस, शालार्थ ही कामं तर ब्राउझरमधूनच होतात.

'पोरांना नोकरीत विंडोजच लागणार, एमएस-सीआयटीत तेच शिकवतात.' हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो. २००१ पासून एमएस-सीआयटीनं गावोगावच्या पोरांना माउस हातात धरायला शिकवलं, हे उपकार मोठे आहेत. पण त्या कोर्सनं आणि आपण सगळ्यांनी मिळून पोरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की केली, की कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि टायपिंग म्हणजे वर्ड. सायकल शिकवायची सोडून एकाच कंपनीची सायकल शिकवली. ज्याला एका तक्त्यात बेरीज लावता येते, त्याला दुसऱ्यातही येते. उलट इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरांना विचारा, सर्व्हरवर काय चालतं? लिनक्स. त्यांच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात काय आहे? लिनक्सचंच इंजिन. शहरातल्या पोराला ते विशीत माहीत असतं, आपल्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी कळतं.

आणि हे स्वप्नरंजन नाही. केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत गेली दीड दशकं आणि जास्त काळ मुक्त सॉफ्टवेअरवरच आयटी शिकवतात. काइट नावाची सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते. त्यात मल्याळमची सोय, पाठ्यपुस्तकाला लागणारे प्रोग्राम, सगळं आधीच भरलेलं. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की दोन लाखांवर कॉम्प्युटरवर ती बसवल्यामुळे लायसन्सचे ३००० कोटी रुपये वाचतात. हा सरकारचा स्वतःचा दावा आहे, त्यातले हजार कोटी फुगवलेले धरा, तरी उरलेला आकडा आपल्याला लाजवणारा आहे. तिथं 'लिटल काइट्स' नावाचे शाळकरी पोरांचे गट आहेत, ते तंत्रज्ञानाची कामं स्वतः शिकतात आणि करतात. आपल्याकडे लॅबचं कुलूप उघडायला सप्लायरच्या पोराची वाट बघायची.

याला उत्तर म्हणून कुणीतरी म्युनिकचं उदाहरण देणारच. जर्मनीतल्या त्या महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, १५ हजारांच्या आसपास मशीन त्यावर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. खरं आहे. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३० हजार सरकारी मशीन मायक्रोसॉफ्टवरून हलवायची घोषणा केली. म्हणजे भांडण तिथंही चालू आहे. फरक असा की तिथं सभागृहात वाद होतो. आपल्याकडे कोटेशनच्या खाली सही होते.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण काढलं आहे. सरकारी खरेदीत मुक्त पर्यायाला प्राधान्य द्यायचा प्रयत्न करा, पुरवठादारानं तो पर्याय वगळला तर कारण द्यावं, असं त्यात आहे. राज्यांनीही ते स्वीकारावं अशी अपेक्षा आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेनं बॉस नावाचं लिनक्स २००७ पासून काढलंय. त्या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात! आणि पुण्यापासून काही तासांवरच्या शाळेत ११ मशीन विंडोजपायी भंगारात. कपाळावर हात मारायचा की भिंतीवर डोकं, तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही, मी बोलतो. या मशीनवरचं आत्ताचं विंडोज तरी विकत घेतलेलं आहे का? तालुक्यातल्या किती दुकानांत मशीन दुरुस्तीला दिलं की 'नवीन विंडोज मारून देतो' म्हणून क्रॅक टाकून देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या क्रॅकसोबत काय काय पोटात जातं, ते कुणालाच माहीत नसतं. पोरांना मूल्यशिक्षणाचा तास घ्यायचा आणि शेजारच्या खोलीत चोरीचं सॉफ्टवेअर चालवायचं. दुकानदाराला दोष देत नाही, त्याला गिऱ्हाईक तेच मागतं. पण त्यानंही एकदा मिंट टाकून द्यायला सुरुवात करावी. टाकणावळ घ्या ना. कामाचे पैसे घ्यायला कुणाची ना आहे?

भंगाराचंही सांगतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कॉम्प्युटर हा नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो जातो हातगाडीवर. तांबं काढायला वायरी जाळतात, तो धूर आणि ती राख आपल्याच ओढ्याकाठी. निर्लेखनाच्या कागदावर याचा रकाना नसतो.

समितीच्या पालक सदस्यांना एवढीच विनंती आहे. बैठकीत तीन गोष्टी विचारा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. एक, चालू असलेली नऊ मशीन निर्लेखित करण्याचं कारण सप्लायर सोडून दुसऱ्या कुणी तपासलं का? दोन, हलकं लिनक्स टाकून एक तरी मशीन बघितलं का? तीन, एसएसडीचं वेगळं कोटेशन का नाही? 'आम्हाला त्यातलं कळत नाही' म्हणून गप्प बसू नका. म्हैस विकत घेताना दात बघता, दूध काढून बघता. इथं तर जिवंत म्हैस फुकटात खाटकाला द्यायचा ठराव आहे.

आणि बघायला काहीही पुसावं लागत नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं. मिंट थेट पेन ड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. पेन ड्राइव्हवरून चालताना थोडं मंद वाटेल, ते धरून चला. स्क्रीन, आवाज, वायफाय, कीबोर्ड चालतंय का बघा. नाही आवडलं तर काढून घ्या, मशीन होतं तसं.

एक्सएफसीई मिंटचे दोन पेन ड्राइव्ह मी तयार करून ठेवलेत. मुख्याध्यापक सरांना निरोप दिलाय, ते म्हणतील त्या दिवशी लॅबमध्ये येतो, सोबत आयटीआयची दोन पोरं आहेत, त्यांचे चहाचे पैसे माझ्याकडे. इतर कुणाला घरच्या मशीनवर बघायचं असेल तर बाजाराच्या दिवशी दुपारनंतर ऑफिसला या. फक्त इन्स्टॉल करायच्या विचारानं येणार असाल तर आधी फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि सातबाऱ्याचे स्कॅन दुसरीकडे कॉपी करून मगच मशीन उचला.